कॅमेरा किती उंचीवर धरायचा: लहानपणीच्या एका बंद खोलीचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या कामातलं आहे. अनिता हे नाव बदललेलं आहे. गाव, नोकरी आणि नातेवाइकांचे काही तपशीलही ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. हा मजकूर तिने स्वतः वाचला आणि ज्या ओळी तिला नको वाटल्या त्या काढून टाकल्या.

पार्श्वभूमी

अनिता ३७ वर्षांची, एका खासगी रुग्णालयात परिचारिका. घरी नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा. माहेर मराठवाड्यातलं, ऊसतोड मजुरांचं. दसरा उरकला की मुकादमाची गाडी दारात यायची आणि आईवडील कोयत्याला निघायचे. परत यायचे ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा हंगाम संपल्यावर. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, आधीच खर्चलेली असायची, त्यामुळे यंदा जायचं नाही असं म्हणायची सोय नव्हती. वस्तीवरची पुष्कळ कुटुंबं लेकरांना फडावर सोबत न्यायची आणि त्या लेकरांची शाळा तिथेच सुटायची. अनिताच्या वडिलांना ते नको होतं. म्हणून पहिलीपासून सहावीपर्यंत, दर हंगामात, अनिता आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ चुलत्याच्या घरी राहिले.

चुलत्याला दोघं तात्या म्हणत. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मागच्या अंगाला कडबा आणि सरपण ठेवायची बिनखिडकीची खोली. तात्या आणि काकू रानात जाताना मुलांना या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. सुरुवातीला हेतू राखणीचा होता; जवळच विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. पुढे तीच खोली शिक्षेची झाली. भावाने अंथरूण ओलं केलं, दूध सांडलं, गुरुजींची तक्रार आली, की आधी मार आणि मग खोली. कधी तासभर, कधी दिवस मावळेपर्यंत.

अनिताने याला कधी छळ म्हटलं नाही. ‘तेव्हा सगळेच मारायचे, मॅडम,’ असं ती म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांकडून माहिती घेतली होती. दर तिघांपैकी दोघांनी मार सोसलेला होता. इतक्या घरांत जे घडतं, त्याबद्दल आपण वेगळं काही बोलावं असं एकट्या माणसाला वाटत नाही. अनितालाही तीस वर्षं वाटलं नव्हतं.

अडचण

रात्रपाळीला ती औषधांच्या साठ्याच्या खोलीत गेली, मागे दार लागलं आणि कुलूप अडकलं. वॉर्डबॉयने थोड्याच वेळात दार उघडलं. तेव्हा ती भिंतीला पाठ लावून खाली बसलेली होती, अंग घामाने भिजलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यानंतर तिची झोप मोडली. न्हाणीघराची कडी लावणं बंद झालं. मुलाने चिडून दार आपटलं की ती त्याच्या अंगावर धावून जायची. एकदा तिने हात उगारला. मारलं नाही, पण आपला उगारलेला हात तिला दिसला आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझ्याकडे वेळ मागितली.

मी तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. लक्षणं आघातानंतरच्या तणावाची आहेत असं त्यांचं मत पडलं. झोपेसाठी काही दिवस औषध दिलं आणि समुपदेशन चालू ठेवायला सांगितलं. एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत विचारली: त्या घरात आज कुणी लहान मूल राहतं का? राहत असतं तर १०९८ या बालमदत क्रमांकापासून पुढची सगळी वाट वेगळी झाली असती. तात्या आता एकटे राहत होते आणि अंथरुणाला खिळलेले होते. तक्रारीचा मार्गही आम्ही बोललो; तिला तो नको होता.

बोलणं मात्र पुढे सरकत नव्हतं. प्रत्येक आठवण येऊन एकाच ठिकाणी थांबायची. तात्या भावाला मारत असायचे, ती कोपऱ्यात उभी असायची आणि गप्प असायची. ‘मी मोठी होते. मला कळायला पाहिजे होतं. शेजार जवळच होता, ओरडले असते तर कुणीतरी आलं असतं.’ तेव्हा ती आठ वर्षांची होती. हे आकड्यात तिला ठाऊक होतं, मी बोलूनही दाखवलं होतं, पण त्या आकड्याने तिच्या आत काहीच हलत नव्हतं.

त्याच सुमाराला मुलाच्या शाळेतून उपक्रम आला: आईबाबांचा तुमच्या वयाचा फोटो आणा. नवऱ्याकडे तीन-चार फोटो निघाले. अनिताकडे एकही नव्हता. ती त्या दिवशी भेटीला आली आणि जवळपास पूर्ण वेळ त्याबद्दलच बोलली. छायाचित्रांचा विषय आमच्या कामात आला तो असा, नसलेल्या फोटोवरून.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत, किंवा डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांसाठी या दोन्हींची शिफारस आहे. मी पहिल्या पद्धतीने काम करते आणि ते आम्ही कधी सोडलं नाही. प्रश्न एवढाच होता की त्याच्या जोडीला फोटो घ्यायचे का.

फोटो घेऊन मनाचं काम करण्याला परंपरा आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ज्यूडी वाइझर यांनी कौटुंबिक अल्बम, माणसाने स्वतः काढलेले आणि इतरांनी त्याचे काढलेले फोटो उपचारात कसे वापरावेत याची मांडणी केली. ब्रिटनमध्ये जो स्पेन्स आणि रोझी मार्टिन या दोघींनी १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. लहानपणीचे प्रसंग त्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतः पुन्हा उभे केले, एकीने पात्र व्हायचं आणि दुसरीने फोटो घ्यायचा. दोन्ही वाटा मी अनिताच्या दृष्टीने तपासून पाहिल्या.

अल्बमची वाट इथे सुरूच होत नव्हती. नव्वदच्या दशकात कोरडवाहू गावातल्या मजुराच्या घरी फोटो म्हणजे लग्नातला एखादा, जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला एखादा. मध्यमवर्गीय घरातला माणूस बारशापासूनचे फोटो चाळत आपलं लहानपण जुळवतो, ती सोय तिला नव्हती. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत हा फरक क्वचितच बोलला जातो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. प्रसंग पुन्हा उभे करण्याची वाट मी नाकारली. बंद खोलीचा प्रसंग शरीराने पुन्हा जगणं, झोप अजून सावरलेली नसताना, धोक्याचं होतं.

उरली ती तिसरी शक्यता: आजच्या वस्तू आणि आजच्या जागा, तिच्याच फोनने. काय टिपायचं, किती लांबून, कुणाला दाखवायचं, कधी पुसून टाकायचं, हे सगळं तिच्या हाती. लहानपणी यातलं काहीही तिच्या हाती नव्हतं, आणि मी ही वाट निवडली त्याचं मुख्य कारण तेच.

काय केलं

काही गोष्टी आधी ठरल्या. फोटो एकटीने, रात्रपाळीनंतर किंवा झोपण्याआधी काढायचा नाही. काढताना छातीत धडधडलं तर फोन खाली ठेवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. मुलाला फोटोत घ्यायचं नाही. ही शेवटची अट माझी होती. तो त्याच वयाचा असल्याने मोह होणारच होता, पण त्याच्या अंगावर आईच्या दुःखाचं काम चढवणं योग्य नव्हतं.

सुरुवातीला तिने कड्या टिपल्या. घरातल्या, जिन्यातल्या, रुग्णालयातल्या, वाड्यांच्या दारांवरच्या जुन्या कडी-कोयंड्यांच्या. फोटो नीट होते, स्वच्छ होते. सगळे समोर मांडल्यावर एक गोष्ट दिसली. प्रत्येक कडी बाहेरच्या बाजूने टिपलेली होती आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. मी एवढंच विचारलं, ‘फोटो काढताना तुम्ही कुठे उभ्या होतात?’ ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तात्या उभे राहायचे तिथं.’

इथे घाई करता आली असती. पुढचा फोटो आतून काढा, असं सांगणं अगदी सोपं होतं. मी ते सांगितलं नाही. आतली बाजू कधी बघायची हे तिनेच ठरवणं गरजेचं होतं.

दरम्यान तिने चुलत बहिणीला विचारलं, जुने फोटो आहेत का. हा निर्णय आम्ही दोन भेटी चर्चिला, कारण त्या घराशी पुन्हा बोलणं सुरू होणार होतं. बहिणीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला, त्या घरातल्या धाकट्या बाळाच्या जावळाचा. मधे तात्या, मांडीवर बाळ, भोवती बायका. डाव्या कडेला अर्धी कापली गेलेली एक मुलगी, तिच्या कडेवर एक मुलगा. तीच अनिता, आणि कडेवर पाच वर्षांचा भाऊ.

मला वाटलं होतं की स्वतःला एवढी लहान पाहून तिच्या मनातला दोष सैल होईल. घडलं उलटं. ‘बघा, त्याला मीच सांभाळायची. म्हणजे मोठीच होते ना.’ फोटो तिच्या आरोपाचा पुरावा झाला. त्या आठवड्यात झोप पुन्हा बिघडली. आम्ही जुना फोटो बाजूला ठेवला आणि काही आठवडे नुसतं झोप, श्वास, दिनक्रम यांवर काम केलं. फोटोला एकच अर्थ चिकटलेला असतो असं धरून चालणाऱ्यांनी हा टप्पा लक्षात ठेवावा.

या थांबलेल्या काळातच तिला खोलीतली दुसरी आठवण आली. माळवदाच्या सवण्यावर, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकावर, पावसापाण्यासाठी एक गाडगं पालथं घातलेलं असायचं. ते फुटकं होतं. त्या फटीतून उन्हाचा एक गोल कवडसा जमिनीवर पडायचा आणि सरकत जायचा. तो भिंतीशी पोचला की तात्या यायची वेळ झाली, हे भावंडांना कळायचं. ‘आम्ही त्याच्यात हात धरून खेळायचो,’ ती म्हणाली आणि हसली. त्या खोलीबद्दल बोलताना ती पहिल्यांदाच हसली होती.

मी तिला सांगितलं की बारीक भोक वेडंवाकडं असलं तरी लांबवर पडणारा कवडसा गोल दिसतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. कॅमेऱ्याचं मूळही तेच, काळोखी खोली आणि एक बारीक भोक. तिला ते करून पाहायचं होतं. खोली पूर्ण अंधारी करायची का, हा पुढचा निर्णय होता, आणि आम्ही करायची नाही असं ठरवलं. सकाळी, दार उघडं ठेवून, गॅलरीच्या काचेवर भोक पाडलेला पुठ्ठा टेकवला. फरशीवर फिकट गोल पडला, तो तिने टिपला. नंतर तोच प्रयोग तिने मुलाला दाखवला, विज्ञान म्हणून. आधी मला विचारलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

यानंतर उंचीची कल्पना तिचीच. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आखलेली होती. मुलगा शाळेत असताना तिने स्टूल ठेवून फोन बरोबर त्या रेघेशी धरला आणि आपल्याच घराचे फोटो काढले. ओटा भिंतीसारखा दिसत होता. वरची कडी फोटोत मावतच नव्हती. जेवायच्या टेबलाशी उभ्या नवऱ्याचा फोटो होता. त्यात पट्ट्यापासून छातीपर्यंतचा भाग आला होता, चेहरा नव्हता. त्या फोटोपाशी ती थांबली. ‘तात्यांचा चेहरा मला आठवत नाही, हात आठवतात. मला वाटायचं मी विसरले.’

गावच्या घराचा प्रश्न

याच सुमाराला कळलं की माळवद पाडून तिथे घरकुलाचं बांधकाम होणार आहे. अनिताला ती खोली पाडण्याआधी टिपायची होती. जाण्याच्या बाजूने बरंच होतं: पुन्हा संधी नव्हती आणि इच्छा तिची होती. विरुद्ध बाजूला तात्या होते, त्याच घरात, आजारी. आजारी म्हाताऱ्या माणसाला पाहून तिच्यातली परिचारिका कामाला लागेल आणि राग परत गिळला जाईल, ही भीती तिने स्वतःच बोलून दाखवली. मी ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. गेलात तर दिवसा, नवऱ्यासोबत, निघायची वेळ आधी ठरवून, एवढं सुचवलं.

तोडगा भावाने काढला. तो चाकणला गाडी चालवतो. कामासाठी गावाकडे जाणारच होता. त्याने खोलीत जाऊन व्हिडिओ कॉल लावला आणि अनिता सांगेल तसे फोटो काढले. तिने हा कॉल भेटीच्या वेळी माझ्यासमोर घ्यायचं ठरवलं, म्हणून मला ऐकू येत होतं. आधी त्याने उभ्यानेच फोटो काढले. ‘खाली बस,’ ती म्हणाली. ‘अजून खाली. जमिनीला टेक.’ तो मांडी घालून बसला आणि फोन दाराकडे वळवला. मग काही क्षण नुसता त्याचा श्वास ऐकू आला. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘इथून बघितलं की दार लई उंच दिसतंय गं.’

ते फोटो तिने छापून घेतले. पुढच्या भेटीत जावळाचा फोटो तिने स्वतःहून शेजारी ठेवला. या वेळी तिला दिसली ती भावाच्या वजनाने एका बाजूला कललेली मुलीची कंबर, आणि त्याचे पाय, जे तिच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते. डोकं शेजारी बसलेल्या तात्यांच्या खांद्याच्या जेमतेम वर येत होतं. ‘ही कुणाला वाचवणार होती?’ तिने विचारलं. मी काही बोलले नाही. त्या दिवशी ती खूप रडली, आणि रडताना पहिल्यांदा त्या मुलीसाठी रडली, भावासाठी नाही.

आईला दाखवायचं का

सगळ्यात अवघड निर्णय हा होता. आई आता गावीच असते, गुडघ्यांनी अधू. अनिताला तिला कळायला हवं होतं. त्याच वेळी आईवर आरोप करायचा नव्हता, कारण उचलीच्या पैशांवरच घर चाललं होतं आणि शाळाही. आम्ही तीन मार्ग बोललो: काहीच न दाखवणं, सगळं दाखवणं, किंवा एकच फोटो दाखवून आईला विचारू देणं. तिने तिसरा निवडला आणि कवडशाचा फोटो घेऊन गेली.

आईने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि ‘हे तात्याच्या मागल्या खोलीतलं ना,’ म्हणाली. म्हणजे तिला खोली ठाऊक होती. कडी ठाऊक होती का, हे अनिताने विचारलं. ‘कळत होतं थोडं. काय करणार होतो? फडावर लेकरं उसाच्या गाडीखाली जायची.’ त्यानंतर आई उठून आत गेली. पुढे कित्येक दिवस तिने फोन घेतला नाही. आता बोलतात, जपून बोलतात. हे नातं या कामाने सुधारलं असं मी लिहिणार नाही. त्यातली एक गोष्ट उघडी झाली, एवढंच.

एका ओळखीच्या छायाचित्रकाराने तिची मालिका प्रदर्शनात मांडायचं सुचवलं. काम खरंच चांगलं आहे. तिने नाही म्हटलं, कारण कडेवरचा भाऊ ओळखू येतो आणि त्याला ते नको आहे.

परिणाम

झोप बरीच सुधारली, औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने थांबलं. न्हाणीघराची कडी ती लावते. साठ्याच्या खोलीत जाते, पण दाराला काहीतरी अडकवून. रुग्णालयाने ते मान्य केलं आहे. मुलावर आवाज चढतो, हात उगारला गेलेला नाही. बंद लिफ्टमध्ये एकटी जायला ती अजून तयार नाही आणि आम्ही त्याची घाई करत नाही. तात्यांना ती भेटलेली नाही. त्यांच्या औषधांचा खर्च भावाबरोबर ती देते. यावर मी माझं मत दिलं नाही. तिने मागितलंही नाही.

यातलं किती फोटोंमुळे आणि किती नेहमीच्या उपचारामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. माझं मत विचाराल तर दोष सैल झाला तो कॅमेरा खाली आणल्यावर. ‘तुम्ही आठच वर्षांच्या होतात’ हे माझं वाक्य वर्षभरात जे करू शकलं नाही, ते चेहरा नसलेल्या पट्ट्याच्या फोटोने केलं.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो कुठे साठतात हे पहिल्या फोटोच्या आधी तपासायला हवं. अनिताचा फोन आणि घरचा टीव्ही एकाच खात्याला जोडलेले होते. एका संध्याकाळी टीव्हीवर आपोआप फिरणाऱ्या फोटोंत कड्यांचे फोटो आले. मुलाने विचारलं, तिने ‘जुन्या कड्या जमवतेय’ म्हणून निभावलं. त्या जागी जावळाचा फोटो असता तर? आता मी अशा कामात स्वतंत्र खातं, बंद केलेला आपोआप साठा आणि ‘जुन्या आठवणी’ दाखवणारी सोय बंद, एवढं आधी करून घेते. शक्य असेल तिथे जुना फोन, सिमकार्डाशिवाय.

जावळाचा फोटो फार लवकर आला असंही वाटतं. आधी उंचीचे फोटो आणि मग जुना फोटो असा क्रम असता तर मधला वाईट आठवडा टळला असता. पण चुलत बहिणीने तो कधी पाठवायचा हे आमच्या हाती नव्हतं. पाठवल्यावर तो लगेच न उघडता भेटीत एकत्र उघडायचा, एवढं मात्र ठरवता आलं असतं.

आणि भावाचा प्रश्न. तो मदतीला आला तेव्हा आमच्या नजरेत फोटो काढणारे हात एवढंच होतं. खरं तर तोही त्याच खोलीतला मुलगा होता. व्हिडिओ कॉलआधी त्याच्याशी स्वतंत्र बोलणं, नंतर त्याने कुणाकडे जायचं हे ठरलेलं असणं, दोन्ही गरजेचं होतं. त्या दिवसानंतर तो बरेच दिवस अस्वस्थ होता. त्याला मी माझ्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं, कारण बहीणभावांचं काम एकाच समुपदेशकाकडे असू नये. कामाच्या पाळ्या सांभाळत तो जातो. चाकणहून येणं लांब पडतं म्हणून सध्या त्यांच्या भेटी फोनवर होतात, गाडी बाजूला लावून.